ट्रम्पेट, टाइपरायटर आणि टेप : लुई आर्मस्ट्राँग यांनी स्वतः जपलेला इतिहास

६ जुलै हा लुई आर्मस्ट्राँग यांचा स्मृतिदिन. १९७१ साली याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील कोरोना नावाच्या वस्तीत (हे नाव साथीच्या कितीतरी आधीचे आहे) आपल्या राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. जॅझ संगीतातला सर्वांत मोठा ट्रम्पेटवादक, पन्नास वर्षे जगभर फिरलेला कलावंत, आणि राहणे मात्र कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या साध्या दुमजली घरात. त्या घरातल्या त्यांच्या खोलीत साडेसहाशेहून अधिक स्पूल टेप निघाल्या. त्यातल्या पाचशेहून अधिक खोक्यांवर त्यांनी स्वतः कात्री आणि चिकटपट्टी घेऊन चित्रे डकवलेली होती. ऐंशीहून अधिक चिकटवह्या होत्या. हजारो फोटो होते. हाताने लिहिलेल्या आणि टाइप केलेल्या पानांचे गठ्ठे होते.

आपल्या तरुण मित्रांना माल्कम एक्स माहीत आहेत, मार्टिन ल्यूथर किंग माहीत आहेत. ब्लॅक पँथर तर घरातलेच नाव, कारण त्यावरूनच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आर्मस्ट्राँग मात्र आपल्याकडे पोचले ते एका गोड गाण्यापुरते. चळवळीच्या गप्पांत त्यांचे नाव निघालेच तर गोऱ्यांपुढे दात काढून हसणारा करमणूकवाला म्हणून निघते. हा आरोप त्यांच्या हयातीत त्यांच्या समाजातल्याच लोकांनी केला होता, त्यामुळे तो सहज झटकून टाकता येत नाही. पण हा माणूस कार्यक्रम संपल्यावर रोज काय करत होता हे पाहिले की त्या हसण्याचा अर्थ बदलतो, असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेख त्यांच्या संगीतापेक्षा त्यांच्या रोजच्या जगण्यावर जास्त आहे.

आर्मस्ट्राँग आयुष्यभर आपली जन्मतारीख ४ जुलै १९०० अशी सांगत राहिले, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी न्यू ऑर्लीन्सच्या एका चर्चमध्ये त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली आणि खरी तारीख ४ ऑगस्ट १९०१ निघाली. ज्यांच्या आजोबांचा जन्म शाळेतल्या गुरुजींनी बिनदिक्कत १ जून लावून टाकला, त्या आपल्या घरांना यात नवल वाटणार नाही. ज्यांच्या जन्माची दखल कुणी घेत नाही ते आपली तारीख स्वतः ठरवतात किंवा दुसरा कुणी ठरवतो, एवढाच फरक.

वडील लहानपणीच घर सोडून गेले. लुई सुरुवातीला आजीकडे वाढला, मग आई मेअॅन आणि धाकटी बहीण यांच्यासोबत न्यू ऑर्लीन्सच्या अत्यंत गरीब, मारामाऱ्यांसाठी बदनाम असलेल्या वस्तीत. शाळा अर्ध्यावर सुटली. सात-आठ वर्षांचा असताना तो कार्नोफ्स्की नावाच्या, लिथुआनियाहून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबाच्या गाडीवर काम करू लागला. दिवसा चिंध्या-बाटल्या-भंगार गोळा करायचे, रात्री कोळसा विकायचा. गिऱ्हाइकांना कळावे म्हणून लुई पत्र्याचा भोंगा वाजवायचा. आपल्या गल्लीत भंगारवाला येतो तसेच म्हणा ना! त्या भोंग्यावर तो सूर काढायला शिकला. गहाणवटीच्या दुकानात एक जुने कॉर्नेट दिसले, त्याची किंमत पाच डॉलर. कार्नोफ्स्कींनी उचल दिली आणि पोराने ते थोडे थोडे करून फेडले. त्या घरात त्याला जेवायला सोबत बसवत. ज्या शहरात काळ्या माणसाने गोऱ्याच्या पंक्तीला बसणे कल्पनेतही नव्हते, तिथे ही गोष्ट त्याच्या मनात कायमची राहिली. पुढे आर्मस्ट्राँग जन्मभर गळ्यात ज्यू धर्मीयांचा षट्कोनी तारा घालत.

१९१२ च्या शेवटच्या रात्री नववर्षाच्या गोंधळात लुईने घरातले पिस्तूल हवेत उडवले. पोलिसांनी पकडले आणि १ जानेवारी १९१३ ला त्याची रवानगी काळ्या मुलांच्या सुधारगृहात झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. एकाच देशात, एकाच वर्षी, एक बावीस वर्षांचा तरुण ग्रंथालयात आणि एक अकरा वर्षांचा पोरगा सुधारगृहाच्या बँडमध्ये. दोघांची भेट कधी झाली नाही, आणि उगाच जोडकाम आम्ही करणार नाही. पण त्या काळातली अमेरिका डोळ्यांसमोर आणायची तर ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवायला हरकत नाही. सुधारगृहातले संगीतशिक्षक पीटर डेव्हिस यांनी लुईला आधी खंजिरी, ड्रम असे करत करत शेवटी कॉर्नेट हाती दिले आणि बँडचा म्होरक्या केले. बाहेर आल्यावर पुन्हा कोळशाची गाडी, आणि रात्री दारूच्या गुत्त्यांवर वाजवणे. पुढे मिसिसिपी नदीवरच्या बोटींच्या वाद्यवृंदात काम मिळाले, तिथे स्वरलिपी वाचायला शिकणे झाले.

१९२२ च्या ऑगस्टमध्ये गुरुस्थानी असलेल्या जो ‘किंग’ ऑलिव्हर यांनी त्यांना शिकागोला बोलावून घेतले. इथून पुढची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे : १९२५ ते १९२८ मधली ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ची ध्वनिमुद्रणे, एकट्या वादकाच्या कल्पनाशक्तीला जॅझमध्ये मिळालेले मध्यवर्ती स्थान, शब्दांऐवजी नुसत्या अक्षरांवर गाण्याची लकब. आमचे लक्ष मात्र शिकागोतल्या एका वेगळ्या खरेदीकडे जाते. तिथे गेल्यावर त्यांनी टाइपरायटर घेतला.

शाळा अर्धवट सुटलेला, एकवीस वर्षांचा बँडवाला टाइपरायटर विकत घेतो, आणि गावाकडच्या जुन्या वादकांना पत्रे लिहायला बसतो. त्याच वर्षीची पत्रे आजही आहेत. पुढची पन्नास वर्षे हा टाइपरायटर त्यांच्या सामानात फिरत राहिला. व्याकरण त्यांचे स्वतःचे, विरामचिन्हे स्वतःची. बोलताना जिथे जोर द्यायचा तिथे अक्षरे मोठी, अधोरेखा, टिंबांच्या रांगा. पत्राच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ ऐवजी आपल्या आवडत्या राजमा-भाताची शपथ घेतल्यासारखी सही. १९३६ साली त्यांच्या नावावर एक आत्मचरित्र निघाले, पण त्यात दुसऱ्यांनी इतकी रंगसफेदी केली होती की त्यात त्यांचा आवाज फारसा ऐकू येत नाही. १९५४ साली न्यू ऑर्लीन्सच्या बालपणावर त्यांनी स्वतः टाइप केलेले पुस्तक आले. त्यात आईचे, गुत्त्यांचे, वेश्यांचे, जुगाऱ्यांचे, मारामाऱ्यांचे वर्णन आहे, आणि त्यातल्या कुणाबद्दलही लाज नाही. दलित आत्मकथने वाचून वाढलेल्या पिढीला हा सूर परका वाटणार नाही.

आता कामाच्या दिवसाबद्दल. शिकागोत असताना ते संध्याकाळी एका थिएटरच्या वाद्यवृंदात मूकपटांना साथ करत. तिथे युरोपीय ऑपेरातले तुकडेही वाजवावे लागत. तिथून उठून रात्रीच्या क्लबमध्ये पहाटेपर्यंत जॅझ. लहानपणापासून त्यांनी कारुसोसारख्या ऑपेरा गायकांच्या तबकड्या जमवल्या होत्या. आपल्या लोकांचे संगीत वाजवणाऱ्याने दुसरे काही ऐकू नये असा नियम त्यांनी कधी मानला नाही. पुढे स्वतःचा वाद्यवृंद झाला तेव्हा वर्षातल्या तीनशेच्या आसपास रात्री रस्त्यावर जात.

आणि हा रस्ता वर्णद्वेषाच्या कायद्यांचा होता. रंगमंचावर टाळ्या, पण त्याच हॉटेलात खोली नाही. दक्षिणेत वादक बसमध्ये झोपत, वाण्याच्या दुकानातून पाव आणि डबाबंद मासे घेऊन खात. वाजंत्री दारात आणि वऱ्हाड मांडवात, ही आपल्याकडची रीत तिथे कायद्याने बांधलेली होती. लग्नात ज्यांच्या वाजवण्याशिवाय देवकही बसत नाही, त्यांची पंगत शेवटची, हे आपल्या आजा-पणजांनी पाहिले आहेच. १९३१ साली आर्मस्ट्राँग नऊ वर्षांनी न्यू ऑर्लीन्सला परतले, तेव्हा ज्या आलिशान ठिकाणी त्यांचा कार्यक्रम होता तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता. हजारो लोक बाहेर नदीच्या बांधावर कान देऊन उभे होते. आतल्या गोऱ्या निवेदकाने एका काळ्या माणसाची ओळख रेडिओवर करून देण्यास नकार दिला. आर्मस्ट्राँग यांनी स्वतःच ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि आपली ओळख आपणच करून दिली. याच मुक्कामात त्यांनी गावातल्या काळ्या तरुणांच्या बेसबॉल संघाला गणवेश घेऊन दिले. कपडे इतके पांढरेशुभ्र होते की ते मळतील म्हणून खेळाडू घसरून धाव पुरी करायला तयार नसत, अशी गंमत सांगितली जाते.

पुढे नाव एवढे मोठे झाले की त्यांनी करारातच अट घातली : जिथे मुक्कामाला जागा देणार नाही तिथे वाजवणार नाही. आणि लुइझियाना राज्याने १९५६ मध्ये गोऱ्या-काळ्यांनी एकत्र कार्यक्रम करण्यावर बंदी आणली, तेव्हा मिश्र वाद्यवृंद घेऊन फिरणाऱ्या या माणसाने आपल्या जन्मगावात वाजवणेच थांबवले. ते परत वाजवायला गेले ते १९६५ साली.

कार्यक्रम संपला की खोलीत गर्दी. डोक्याला रुमाल बांधलेला, अंगात झगा, ओठांना मलम. ट्रम्पेटवाल्याचे ओठ म्हणजे त्याचे हात-पाय. वर्षानुवर्षे उंच सूर लावून त्यांचे ओठ फाटले होते, त्यावर घट्टे पडले होते. जर्मनीतल्या एका माणसाने बनवलेले मलम ते वापरत, आणि त्या मलमालाही पुढे आर्मस्ट्राँग यांचेच नाव लागले. आलेल्या प्रत्येकाला सही मिळे. जुने, थकलेले वादक येत, त्यांच्या हातात गुपचूप पैसे जात. १९३७ साली जॉर्जियातल्या सव्हाना गावात त्यांना आपले गुरू किंग ऑलिव्हर भाजी विकताना भेटले होते. ज्याने शिकागोला बोलावून आयुष्य घडवले, तो माणूस दात गेलेला, कफल्लक. खिशात होते ते आर्मस्ट्राँग आणि सोबतच्या वादकांनी त्यांना दिले. पुढच्या वर्षी ऑलिव्हर गेले. आपल्याकडच्या किती शाहिरांचे शेवटचे दिवस असेच गेले, त्यांची नावे आम्ही इथे देत बसत नाही. वाचकांच्या डोळ्यांसमोर ती येतीलच.

त्यांचे पोटाच्या साफसफाईचे वेड मात्र सांगितलेच पाहिजे, कारण ते त्यांच्या प्रत्येक मित्राने सोसले आहे. डॉक्टर परवडत नसे म्हणून आई रेल्वेच्या कडेने रानभाजीचा पाला खुडून आणायची, उकळून पोरांना पाजायची. तीच सवय मोठेपणी सोनामुखी असलेल्या एका जडीबुटीच्या चूर्णावर आली. ते चूर्ण ते स्वतः रोज घेत आणि भेटेल त्याला पुड्या वाटत. त्यासाठी त्यांनी स्वतःचा संडासात बसलेला फोटो छापून कार्डे केली होती! जगप्रसिद्ध माणूस आणि हे कार्ड. मोठेपणाचे सोवळे त्यांना ठाऊकच नव्हते.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. ते रोज गांजा ओढत, त्यापायी लॉस एंजेलिसजवळ त्यांना अटक होऊन काही दिवस तुरुंगवासही घडला. तरी त्यांनी सवय सोडली नाही, उलट ते औषधच आहे असे ते मानत. पंचशील घेतलेल्या आपल्या तरुणांनी थोर माणसाच्या प्रत्येक सवयीला थोर म्हणण्याची गरज नाही.

आता त्या टेपांकडे. १९४२ मध्ये त्यांचे चौथे लग्न ल्युसिल विल्सन यांच्याशी झाले. ल्युसिल कॉटन क्लबमध्ये नर्तकी होत्या. तोवर आर्मस्ट्राँग यांना हॉटेलच्या खोल्यांखेरीज घर असे नव्हतेच. पहिल्या नाताळाला ल्युसिलने हॉटेलच्या खोलीत छोटेसे झाड सजवले, तर हा माणूस रात्रभर त्या दिव्यांकडे बघत राहिला, आणि पुढच्या गावांना ते झाड सोबत न्यायला लावले. १९४३ मध्ये आर्मस्ट्राँग दौऱ्यावर असताना ल्युसिलने कोरोनातले घर घेऊन टाकले. ते टॅक्सीने पत्त्यावर पोचले, घर पाहिले आणि हे आपले असेल यावर त्यांचा विश्वासच बसेना. नंतर मोठ्या बंगल्यात जाण्याची ऐपत असूनही ते तिथून हलले नाहीत. केस कापायला वस्तीतल्या न्हाव्याकडे जात. गल्लीतली पोरे पायरीवर येऊन बसत, त्यांच्याबरोबर ते दूरचित्रवाणीवर घोड्यांचे, गोळीबाराचे सिनेमे पाहत.

१९५० च्या अखेरीस त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला आणि टाइपरायटरला जोडीदार मिळाला. आता दौऱ्यातल्या पेट्यांत दोन्ही असत. काय काय टेप केले? स्वतःच्या जुन्या तबकड्या, किंग ऑलिव्हर, ऑपेरा, रेडिओवरचे कार्यक्रम. जुन्या तबकडीसोबत पुन्हा ट्रम्पेट वाजवून पाहिलेले सराव. मित्रांबरोबरच्या जेवणाच्या गप्पा, चावट विनोद, बायकोशी झालेले भांडण, आणि गोऱ्यांनी केलेल्या अपमानाच्या हकिकती, शिव्यांसकट. रंगमंचावर जे बोलता येत नव्हते ते सगळे इथे आहे. प्रत्येक टेपेला क्रमांक, प्रत्येकीतल्या मजकुराची हाताने लिहिलेली यादी. एखाद्या ग्रंथपालाला लाजवेल अशी शिस्त.

खोक्यांवर ते कोलाज करत. वर्तमानपत्रातली कात्रणे, फोटो, तारा, शुभेच्छापत्रे कापायची, जुळवायची, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावायची. कुठे बायकोचा फोटो, कुठे गुरूचा, कुठे आपल्या समाजातल्या एखाद्या खेळाडूचा. एकदा तर त्यांनी ही चित्रे खोलीच्या भिंतीवरच चिकटवायला सुरुवात केली, तेव्हा ल्युसिलबाईंनी ती उतरवायला लावली. घर त्यांनी सजवले होते!

हे सगळे कशासाठी? तबकड्या कंपनीच्या, कार्यक्रम मालकांचे, व्यवहार १९३५ पासून जो ग्लेसर नावाच्या गोऱ्या व्यवस्थापकाच्या हातात. पैशांचा सगळा हिशोब त्यांनी ग्लेसरवर सोडला होता, आणि त्यांची ही बाजू आम्हाला पटत नाही. पण आपली गोष्ट मात्र त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. आपल्याकडे भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर स्वतः पुस्तक लिहून ठेवले, म्हणून त्या जलशांचे रूप आज आपल्याला कळते. पण कितीतरी गायन पार्ट्यांच्या वह्या रद्दीत गेल्या आणि आवाज त्या माणसांबरोबरच गेले.

आता तो आरोप. मोठे हास्य, फिरवलेले डोळे, हातातला पांढरा रुमाल. तरुण काळ्या वादकांना हे सहन होत नव्हते. डिझी गिलेस्पी यांनी उघड टीका केली होती. हेच गिलेस्पी पुढे कोरोनातच जवळपास राहायला आले, आणि कालांतराने त्यांनी आपले मत बदलले : वर्णद्वेषाला आपल्या जगण्यातला आनंदही हिरावून घेऊ द्यायचा नाही, हा त्या हसण्याचा अर्थ त्यांना उशिरा कळला. आम्ही म्हणतो, दोन्ही खरे असू शकते. ते हास्य गोऱ्या प्रेक्षकांना सोयीचे होते, यात शंका नाही. पण त्याच माणसाने १९२९ साली एका विनोदी नाटकातले, सावळ्या बाईचे दुःख सांगणारे गाणे उचलले, त्यातला नाटकी भाग गाळला आणि कातडीच्या रंगावरून भोगाव्या लागणाऱ्या अन्यायाचे ते गाणे केले. १९५६ साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, अक्रा इथे लाखभर लोक त्यांना ऐकायला लोटले. तिथल्या गर्दीत त्यांना आपल्या आईसारखी दिसणारी एक बाई दिसली आणि आपले मूळ इथलेच, अशी त्यांची खात्री पटली. एन्क्रुमा समोर बसलेले असताना त्यांनी तेच गाणे गायले.

मग १९५७ चा सप्टेंबर आला. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक इथे नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत जाऊ न देण्यासाठी गव्हर्नर फॉबस यांनी सशस्त्र दल उभे केले आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर गप्प बसले. आर्मस्ट्राँग तेव्हा उत्तर डाकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावी होते. एक एकवीस वर्षांचा स्थानिक बातमीदार त्यांच्या खोलीवर गेला. त्याला संगीताविषयी चार वाक्ये हवी होती, पण त्याच्यापुढे ज्वालामुखी फुटला. राष्ट्राध्यक्षांत धमक नाही, गव्हर्नर अडाणी आहे, आपल्या लोकांना हे सरकार जसे वागवते ते पाहता सरकारच्या वतीने रशियाच्या दौऱ्यावर आपण जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. छापण्याआधी मजकूर त्यांना दाखवला गेला, तेव्हा त्यांनी तो मान्य करून खाली सही केली. दौऱ्याच्या व्यवस्थापकाने परस्पर दिलगिरी जाहीर केली, तीही त्यांनी खोडून काढली. काही रेडिओ केंद्रांनी त्यांच्या तबकड्या काढून टाकल्या, बहिष्काराच्या हाका उठल्या. काळ्या समाजातल्या काही नामवंतांनीही पाठ फिरवली. थोड्याच दिवसांत आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवून त्या मुलांना शाळेत पोचवले, आणि आर्मस्ट्राँग यांनी त्यांना अभिनंदनाची तार केली. यात त्यांच्या शब्दाचा वाटा किती हे मोजता येणार नाही. मोर्चे काढणारे, मार खाणारे, ती नऊ मुले आणि त्यांच्या आया यांचा वाटा पहिला.

मोर्चात का येत नाही असे विचारले की ते म्हणत, तोंडावर काठी बसली तर वाजवू कसे? त्याऐवजी ते पैसे देत. हे उत्तर काहींना पळवाट वाटले. १९६५ मध्ये सेल्मातल्या मोर्चेकऱ्यांवरचा लाठीमार त्यांनी परदेशात असताना पाहिला, तेव्हा येशू काळा असता आणि मोर्चात असता तर यांनी त्यालाही झोडपला असता, असे ते बोलून गेले.

त्यांच्या वादनाचे पडसाद आपल्या मातीपर्यंतही आले होते. गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, हे मुंबईत आर्मस्ट्राँग यांच्या धर्तीवर ट्रम्पेट वाजवून आणि गाऊन प्रसिद्ध झाले. सी. रामचंद्र यांच्या संगीतात आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात त्यांची साथ आहे. आपल्या आजोबांनी थिएटरात ज्या चालींवर ठेका धरला, त्यामागे न्यू ऑर्लीन्सच्या कोळशाच्या गाडीवरचा तो भोंगा कुठेतरी आहे.

१९६४ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांच्या ‘हॅलो, डॉली!’ने अमेरिकेच्या यादीत बीटल्सना पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले. १९६७ चे ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ मात्र अमेरिकेत कंपनीच्या मालकालाच आवडले नाही, त्यामुळे त्याची जाहिरात झाली नाही आणि ते तिथे जवळपास पडलेच. ब्रिटनमध्ये ते पहिले आले. आज आपण रीलवर ऐकतो ते हेच.

१९६९ मध्ये हृदय आणि मूत्रपिंडांच्या दुखण्याने ते न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात होते. पलंगावर पडल्या पडल्या हाताने लिहायला घेतले : कार्नोफ्स्की कुटुंब, भंगाराची गाडी, ते कॉर्नेट. या लेखनात ते आपल्याच समाजावर, त्यातल्या बेकीवर, एकमेकांचे पाय ओढण्यावर फार कडवट बोलतात. काही ठिकाणी ते अन्याय करतात असे आम्हाला वाटते. मालकाच्या व्यवस्थेने जे केले त्याचे माप ते आपल्या माणसांच्या पदरात टाकतात. पण हा कागद त्यांनी कुणाला खूश करायला लिहिलेला नव्हता.

डॉक्टरांनी ट्रम्पेट बंद करायला सांगितले, तेव्हा घरी बसून त्यांनी सगळ्या टेपांची यादी पुन्हा नव्याने करायला घेतली. नवे क्रमांक, नवी खोकी, नवी चित्रे. १९७१ च्या मार्चमध्ये प्रकृती ठीक नसताना न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात दोन आठवडे कार्यक्रम केले, आणि त्यानंतर पुन्हा रुग्णालय. मे महिन्यात घरी आले. ४ जुलैला आपला मानलेला वाढदिवस साजरा केला. ५ तारखेला वादकांना तालमीसाठी जमवायचे बोलणे चालू होते.

ल्युसिलबाईंनी १९८३ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, घर आणि टेपा जपल्या आणि घर शहराच्या स्वाधीन केले. क्वीन्स कॉलेजने सारा साठा सांभाळला, टेपांचे डिजिटल रूप केले. २००३ पासून ते घर संग्रहालय म्हणून खुले आहे. पाहायला आलेल्यांना खोलीखोलीत त्यांच्याच टेपांचे तुकडे ऐकवले जातात : कुठे सराव, कुठे मित्रांशी गप्पा, कुठे जेवणाच्या टेबलावरचा ताटल्यांचा आवाज.